अल्कोहोल न घालता सोल-जेल: श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने टीईओएसचे हायड्रोलिसिस

टीईओएस, म्हणजेच टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट, आणि पाणी हे दोन द्रव एकमेकांत मिसळत नाहीत. दोन्ही एका परीक्षानळीत घेतले तर टीईओएस वर तरंगते आणि पाणी तळाशी राहते, कारण टीईओएसची घनता दर मिलिलिटरला सुमारे ०.९३ ग्रॅम असते. सोल-जेल पद्धतीने, म्हणजे आधी द्रवातला सोल आणि त्यातून जाळीदार जेल करून, सिलिका तयार करू पाहणाऱ्याची पहिली अडचण हीच आहे: ज्या दोन पदार्थांची अभिक्रिया व्हायची, त्यांची गाठ फक्त त्या पातळ सीमेवर पडते. यावर नेहमीचा उपाय म्हणजे दोघांनाही सामावून घेणारे इथेनॉल घालणे. दुसरा उपाय श्राव्यातीत ध्वनीचा. अल्कोहोल न वापरता केवळ श्राव्यातीत ध्वनीच्या मदतीने अल्कॉक्साइडचे (टीईओएस ज्यात मोडते त्या गटातील संयुगांचे) हायड्रोलिसिस, म्हणजे पाण्याने विघटन, करता येते, हे तारासेविच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर स्पेनमधील कादिझचे एस्किव्हियास आणि फ्रान्समधील झार्झिकी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जेलचा सविस्तर अभ्यास केला आणि त्यांना ‘सोनोजेल’ हे नाव रूढ झाले.

हा लेख मुंबईतील महाविद्यालयांत एम.एस्सी.चा प्रकल्प नुकताच हाती घेतलेल्यांसाठी आहे. मुंबईत या विषयाकडे वळण्यास दोन कारणे आहेत. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जुने लोक जिला अजूनही युडीसीटी म्हणतात तिथे, कॅव्हिटेशनवर, म्हणजे द्रवात बुडबुडे फुगून कोसळण्याच्या क्रियेवर, प्रा. अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ काम केले आहे, त्यामुळे शंका विचारायला शहरातच जाणकार भेटतात. दुसरे कारण अगदीच व्यवहारातले आहे. शुद्ध इथेनॉल मागवायचे म्हटले की राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याची कागदपत्रे आलीच, आणि लहान महाविद्यालयात मिळालेली बाटली कुलुपात राहते. ज्या पद्धतीत हे इथेनॉल मुळातच घालावे लागत नाही, ती शिकून घेणे सोयीचे आहे.

आधी हिशेब

प्रोब, म्हणजे द्रवात बुडवून श्राव्यातीत कंपने देणारी दांडी, हातात घेण्यापूर्वी कागदावर हिशेब करावा, कारण ही पद्धत का चालते ते त्या हिशेबातच दिसते. टीईओएसचा मोलर भार २०८.३ ग्रॅम आहे. ०.१ मोल घ्यायचे तर २०.८ ग्रॅम, म्हणजे सुमारे २२.३ मिलिलिटर लागेल. टीईओएसच्या एका मोलला पाण्याचे चार मोल हे प्रमाण नवख्याने सुरुवातीला घ्यावे, म्हणजे ०.४ मोल किंवा ७.२ मिलिलिटर पाणी. चार इथॉक्सी गट आहेत म्हणून चार मोल पाणी. प्रत्यक्षात संघननाच्या वेळी, म्हणजे हायड्रोलिसिस झालेले रेणू एकमेकांना जोडले जाताना, त्यातले अर्धे पाणी परत मिळते, त्यामुळे तत्त्वतः दोन मोलही पुरतात. परंतु चारच्या प्रमाणात हायड्रोलिसिस लवकर आणि अधिक पुरे होते.

आता या अभिक्रियेतून बाहेर काय पडते ते पाहावे. हायड्रोलिसिस पूर्ण झाले तर ०.४ मोल इथेनॉल, म्हणजे १८.४ ग्रॅम किंवा सुमारे २३ मिलिलिटर तयार होते. जवळजवळ जेवढे टीईओएस घेतले तेवढेच इथेनॉल अभिक्रिया स्वतःच निर्माण करते. याचा अर्थ असा, की बाहेरून इथेनॉल हवे असते ते केवळ सुरुवातीची काही मिनिटे. एकदा हायड्रोलिसिसने जोर धरला की दोन्ही द्रवांना एकजीव करणारा द्रावक आतूनच मिळू लागतो. श्राव्यातीत ध्वनीचे खरे काम ही सुरुवातीची अडचण ओलांडून देण्याचे आहे. नेहमीच्या पाककृतीत टीईओएसच्या एका मोलला इथेनॉलचे चार मोल घालतात, म्हणजे आणखी २३ मिलिलिटर. तेवढा द्रव वगळल्यामुळे सोनोजेलमध्ये दर मिलिलिटरमागे सिलिका जास्त असते. तो अधिक घन होतो आणि त्याची छिद्रे बारीक असतात, याचे एक मोठे कारण हेच आहे. ०.१ मोल टीईओएसमधून अखेरीस ६ ग्रॅम सिलिका मिळावी, हा आकडाही वहीत आधीच लिहून ठेवावा. वाळलेल्या आणि भाजलेल्या जेलचे वजन त्याच्याशी ताडून पाहता येते.

द्रवात नेमके काय होते

प्रोबचे टोक सेकंदाला सुमारे वीस हजार वेळा कंप पावते. द्रवावरचा दाब कमी होणाऱ्या अर्ध्या आवर्तनात सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि दाब वाढताच ते कोसळतात. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या आत क्षणमात्र सुमारे ५००० केल्व्हिन तापमान आणि हजार वातावरणांच्या आसपास दाब निर्माण होतो, असे अंदाज आहेत. हे आकडे वाचून नवखा विद्यार्थी भारावून जातो आणि टीईओएसचे रेणू त्या उष्णतेनेच फुटत असावेत अशी समजूत करून घेतो. ती सोडून द्यावी. टीईओएस १६८ अंश सेल्सिअसला उकळते, त्याचे बाष्प त्या बुडबुड्यांत फारसे शिरत नाही. माझ्या मते इथे महत्त्वाचा परिणाम यांत्रिक आहे: सीमेजवळ कोसळणारे बुडबुडे एका द्रवाचे बारीक थेंब दुसऱ्यात फेकतात, सीमेचे क्षेत्रफळ प्रचंड वाढते, आणि त्या वाढलेल्या सीमेवर आम्लाच्या उत्प्रेरणाने नेहमीचेच हायड्रोलिसिस चालते. म्हणूनच आम्ल न घालता नुसत्या ध्वनीवर विसंबणाऱ्याच्या हाती पांढरे पायस (इमल्शन) लागते आणि यंत्र बंद करताच ते पुन्हा दोन थरांत वेगळे होऊ लागते.

आम्लाचे प्रमाण ठरवताना सिलिकाचा स्वभाव लक्षात घ्यावा. सामू २ च्या आसपास सिलिकावरील विद्युतभार शून्य असतो आणि संघनन सर्वांत मंद असते, तर हायड्रोलिसिस मात्र बऱ्यापैकी वेगाने होते. आपल्याला आधी हायड्रोलिसिस पुरे करून घ्यायचे आहे आणि जेल सावकाश, आपल्या सोयीने बनवायचा आहे, त्यामुळे ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ज्याचा सामू २ असतो, ते पाण्याच्या जागी घ्यावे. तीव्र आम्ल सुमारे १२ मोलर असते. त्याचे ८.३ मिलिलिटर पाण्यात घालून एक लिटर केले की ०.१ मोलर द्रावण मिळते, आणि ते पुन्हा दहापट विरल करावे. पाणी आयनमुक्त असावे, नळाचे चालणार नाही. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नाही, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

यंत्र, भांडे आणि बाटली

प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे शामलदास गांधी मार्गावर, काचेची भांडी आणि रसायने सहज मिळतात. परंतु प्रोब सोनिकेटर ही घाईने घेण्याची वस्तू नव्हे. विभागात किंवा शेजारच्या महाविद्यालयात असलेलाच वापरावा. २० किलोहर्ट्झचा, टायटॅनियम मिश्रधातूच्या १३ मिलिमीटर टोकाचा प्रोब या कामाला योग्य आहे. भांडी धुण्यासाठी वापरला जाणारा अल्ट्रासोनिक बाथही चालतो, पण त्यात ऊर्जा विखुरलेली असते आणि वेळ बराच जास्त लागतो. बाथच वापरायचा असेल तर स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात उभा धरून साधारण अर्धे मिनिट यंत्र चालवावे. जिथे फॉइलवर खड्डे आणि भोके पडतात तिथे कॅव्हिटेशन जोरात आहे. भांडे तिथेच, दर वेळी त्याच पाणीपातळीत, लटकवावे. शेजारी चार बोटांवर फॉइल जवळजवळ कोरी राहिलेली दिसते, आणि बाथचे निकाल एकसारखे का येत नाहीत ते त्यावरून कळते.

भांड्याच्या आकाराकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि गडबड तिथेच होते. आपले एकूण मिश्रण साडेएकोणतीस मिलिलिटर आहे. ते रुंद बीकरमध्ये घेतले तर तळाचे पाणी अर्धा सेंटिमीटरसुद्धा उंच भरत नाही आणि प्रोबचे टोक सीमेवर आणायचे तर ते तळाला जवळजवळ टेकते. त्याऐवजी सुमारे ३ सेंटिमीटर आतील व्यासाचे, उंच, सपाट बुडाचे भांडे घ्यावे. त्यात पाण्याचा थर साधारण १ सेंटिमीटर आणि एकूण उंची ४ सेंटिमीटरहून थोडी जास्त भरते. टोक तळापासून १ सेंटिमीटरवर ठेवले की ते नेमके दोन द्रवांच्या सीमेवर येते. टोक काचेला कुठेही टेकता कामा नये.

टीईओएसची बाटली हवेतला ओलावा घेते, आणि पावसाळ्यात मुंबईतील आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. झाकणाच्या आट्यांवर पांढरा, खरखरीत थर दिसला तर तो सिलिकाचा आहे असे समजावे. अशा बाटलीतील टीईओएस अंशतः आधीच हायड्रोलाइझ झालेले असू शकते आणि त्याने केलेल्या प्रयोगांची तुलना नव्या बाटलीशी होत नाही. लागेल तेवढेच छोट्या कोरड्या कुपीत काढून मोठी बाटली लगेच बंद करावी.

मिनिटे नव्हे, ज्यूल

‘२० मिनिटे सोनिकेशन केले’ एवढेच प्रयोगवहीत लिहिलेले असते, आणि त्या नोंदीला माझ्या दृष्टीने फारशी किंमत नाही. पडद्यावर दिसणारे वॅट हे यंत्राने घेतलेल्या विजेचे असतात. द्रवात किती ऊर्जा उतरली ते त्यावरून कळत नाही. टोक झिजलेले असेल, ते कमी-जास्त बुडालेले असेल किंवा भांडे वेगळे असेल, तर त्याच वीस मिनिटांत द्रवाला मिळणारी ऊर्जा वेगळी असते. म्हणून आधी मोजणी करावी. त्याच भांड्यात ३० मिलिलिटर पाणी घ्यावे, भोवती थर्माकोलचे आवरण द्यावे, टोक त्याच उंचीवर ठेवून ठरवलेल्या अॅम्प्लिट्यूडवर यंत्र सलग चालवावे आणि दर दहा सेकंदांनी तापमान टिपावे. समजा पहिल्या मिनिटात तापमान ९ अंशांनी वाढले. ३० ग्रॅम गुणिले ४.१८ गुणिले ९, भागिले ६० सेकंद, म्हणजे सुमारे १८.८ वॅट. दर मिलिलिटरला हे ०.६३ वॅट झाले. या वेगाने आठ मिनिटांत दर मिलिलिटरला सुमारे ३०० ज्यूल मिळतात. टीईओएसच्या मिश्रणात हा आकडा थोडा बदलतो, तरीही दोन दिवसांचे किंवा दोन प्रयोगशाळांचे प्रयोग शेजारी ठेवण्यासाठी तो पुरेसा आहे. यंत्र थांबत-थांबत चालवत असाल तर फक्त चालू असलेला वेळ धरावा.

प्रत्यक्ष प्रयोग

संपूर्ण प्रयोग फ्यूम हूडमध्ये करावा. टीईओएसचे बाष्प डोळ्यांना आणि श्वासमार्गाला त्रास देते, आणि ते पेट घेऊ शकेल असे तापमान चाळिशीच्या घरात आहे, जे मे महिन्यातील मुंबईच्या हवेपासून फार दूर नाही. पुढे तयार होणारे इथेनॉल तर त्याहून सहज पेटते. जवळ बर्नर किंवा उघडी हॉटप्लेट नसावी. चष्मा आणि हातमोज्यांबरोबर कानांवरही आवरण हवे. वीस किलोहर्ट्झ ऐकू येत नसले तरी यंत्रातून निघणारा कर्कश आवाज ऐकू येतो, आणि तो पाच-सात मिनिटांत डोके उठवतो.

भांड्यात आधी ७.२ मिलिलिटर आम्लयुक्त पाणी घ्यावे, मग त्यावर २२.३ मिलिलिटर टीईओएस भांड्याच्या कडेने सोडावे. भांडे साध्या पाण्याच्या बाथमध्ये, २५ ते ३० अंशांवर बसवावे. इथे बर्फ वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण गारव्यात हायड्रोलिसिस मंदावते आणि सुरुवातीचा थांबलेला काळ लांबत जातो. बर्फ हाताशी मात्र ठेवावा. तापमापकाचे टोक द्रवात, पण प्रोबपासून दूर असावे.

यंत्र कमी अॅम्प्लिट्यूडवर सुरू करून ठरलेल्या पातळीवर न्यावे. काही सेकंदांत मिश्रण ताकासारखे पांढरे होते आणि काही वेळ तसेच राहते. तापमान फक्त यंत्राच्या उष्णतेने संथपणे वाढत असते. या टप्प्यावर काहीच घडत नाही असे वाटून अॅम्प्लिट्यूड वाढवू नये. थोड्या वेळाने तापमान वाढण्याचा वेग एकाएकी चढतो, कारण हायड्रोलिसिस उष्मादायी आहे आणि तयार झालेले इथेनॉल आता दोन्ही द्रवांना जवळ आणत आहे. त्याच सुमारास भांड्याच्या कडेकडून पांढरेपणा विरळ होतो, मग मधला भाग निवळतो, आणि मिश्रण पाण्यासारखे पारदर्शक दिसू लागते. मागे छापील अक्षरांचा कागद धरला तर अक्षरे ज्या क्षणी स्पष्ट वाचता येतात, तो क्षण घड्याळावर टिपावा. या प्रयोगातली सर्वांत उपयोगी नोंद हीच आहे. ब्राझीलमधील व्होलेट आणि डोनाटी यांनी या अभिक्रियेचा अभ्यास मुख्यतः तापमानाच्या आलेखावरून केला, आणि साधा थर्मोकपल असला तरी तुम्हालाही त्या आलेखाचा आकार काढता येतो.

तापमान ४० च्या जवळ जाऊ लागले तर यंत्र थांबवून बाथमध्ये बर्फ टाकावा. मिश्रण निवळल्यानंतर ठरवलेली ऊर्जा पूर्ण होईपर्यंत यंत्र चालू ठेवता येते. ऊर्जा जास्त दिली तर जेल होण्याचा काळ आणखी कमी होतो. पण पहिल्या प्रयोगात दर मिलिलिटरला ३०० ज्यूलपर्यंत मिश्रण निवळले असेल तर तिथेच थांबावे, नाहीतर निवळेपर्यंत चालवून तो आकडा नोंदवावा. आवाज एकदम चिरका झाला तर टोक उघडे पडले आहे किंवा त्याभोवती फेस जमला आहे असे समजून यंत्र ताबडतोब बंद करावे. चालू प्रोबला हात लावू नये.

प्रोब लगेच पाण्यात आणि मग साबणाच्या पाण्यात धुवावा. उरलेला सोल बेसिनमध्ये ओतू नये. तो नळीत जाऊन जेल होतो, आणि प्लंबरला त्याचे कारण समजावून सांगणे कठीण असते. त्यासाठी वेगळी, सैल झाकणाची बाटली ठेवावी.

तुलनेचे दोन प्रयोग केल्याशिवाय श्राव्यातीत ध्वनीला श्रेय देता येत नाही. एकात हेच मिश्रण, अल्कोहोल न घालता, चुंबकीय ढवळणीवर जोरात ढवळावे. दुसऱ्यात २३ मिलिलिटर इथेनॉल घालून ढवळावे. पहिलेही अखेरीस निवळते, फक्त फार उशिरा, आणि हे स्वतः पाहिले म्हणजे ध्वनीने नेमके काय वाचवले ते कळते. एफटीआयआर, म्हणजे अवरक्त वर्णपट काढणारे यंत्र, उपलब्ध असेल तर १ सेंटिमीटरमागे ७९० आणि ११६८ या तरंगसंख्यांच्या जवळचे टीईओएसचे पट्टे ओसरताना व ८८० जवळचा इथेनॉलचा पट्टा वाढताना दिसतो.

सोलपासून जेल

सामू २ वरचा सोल बंद नळीत बरेच दिवस द्रवच राहू शकतो. तो लवकर जमवायचा असेल तर सामू ४.५ ते ५ पर्यंत न्यावा लागतो, आणि इथे अमोनिया किती कमी लागतो याची कल्पना नसल्याने प्रयोग हातचा जातो. सगळ्या मिश्रणात आम्ल फक्त ०.०७२ मिलिमोल आहे. सोलचे चार समान भाग केले तर एका नळीत ०.०१८ मिलिमोल, आणि ते पूर्ण उदासीन करायला ०.०५ मोलर अमोनिया सुमारे ०.३६ मिलिलिटर, म्हणजे ड्रॉपरचे सातेक थेंब पुरतात. बाटलीतला तीव्र अमोनिया एक थेंब जरी टाकला तरी तो पडला तिथे पांढरी गुठळी जमते आणि बाकीचा सोल तसाच राहतो. विरल अमोनिया थेंबाथेंबाने घालावा, प्रत्येक थेंबानंतर नळी हलवावी आणि पाचव्या थेंबापासून सामू पाहावा. अल्कोहोलयुक्त द्रवात सामू-कागदाचे वाचन ढोबळच असते. एक नळी अमोनियाशिवाय ठेवावी. नळी ४५ अंशांत कलवल्यावर पृष्ठभाग हलला नाही की जेल झाला असे धरावे आणि वेळ लिहावी. जमू लागलेल्या सोलवर पुन्हा प्रोब चालवू नये. त्याने तयार झालेले जाळे मोडते.

सोनोजेल वाळवणे हा चिकाटीचा भाग आहे. छिद्रे बारीक असल्यामुळे त्यांतल्या द्रवाचा ताण फार मोठा असतो. छिद्राची त्रिज्या २ नॅनोमीटर आणि आत पाणी असेल तर केशीय दाब सुमारे ७२ मेगापास्कलपर्यंत जातो; इथेनॉल असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. नळी काही दिवस पूर्ण बंद ठेवून जेल मुरू द्यावा, मग झाकणावरच्या पॅराफिल्मला सुईने एक-दोन भोके पाडावीत आणि वजन कमी होण्याचा वेग पाहून ती वाढवावीत. ओव्हनमध्ये टाकण्याची घाई केली तर सकाळी काचेच्या चुऱ्यासारखे तुकडे मिळतात. मुंबईचा पावसाळा इथे मात्र मदतीला येतो, कारण दमट हवेत जेलमधले पाणी हळू उडते. एसीच्या झोताखाली ठेवलेला जेल त्याच आठवड्यात तडकतो.

भाजलेल्या सिलिकाचा रंग करडा दिसला तर टोकाची झीज तपासावी. कॅव्हिटेशनने टायटॅनियमचे बारीक कण सुटतात आणि ते सोलमध्ये उतरतात. प्रकाशीय किंवा उत्प्रेरकाच्या कामासाठी सिलिका करत असाल तर सोल जमण्याआधी सिरिंज फिल्टरमधून गाळून घ्यावा.

टीईओएसवर हात बसल्यानंतर टेट्रामिथॉक्सिसिलेनकडे वळण्याचा मोह होतो, कारण ते कितीतरी वेगाने अभिक्रिया करते. त्याचे बाष्प डोळ्याच्या पारपटलाला कायमची इजा करू शकते आणि अभिक्रियेतून मिथेनॉल बाहेर पडते. मार्गदर्शकांच्या देखरेखीशिवाय ते उघडू नये. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडची अडचण याच्या नेमकी उलट आहे. ते पाणी लागताच पांढरा साका देते, म्हणून तिथे आधी अॅसिटाइलअॅसिटोनसारख्या पदार्थाने त्याची क्रियाशीलता कमी करावी लागते, आणि वर दिलेले ऊर्जेचे आकडे त्याला लागू होत नाहीत.